शस्त्रक्रियेनंतरचे ऐकणे : सोलापुरातील एका तज्ज्ञ-बैठकीचा अनुभव

कॉक्लिअर इम्प्लांट (आतल्या कानात बसवलेल्या इलेक्ट्रोडमधून श्रवणतंतूला विजेचे संकेत देणारे यंत्र), हाडातून ध्वनी पोहोचवणारी यंत्रे, मध्यकर्णात बसवायची यंत्रे अशा शस्त्रक्रियेने बसवण्याच्या श्रवणसाधनांवर काम करणाऱ्या तज्ज्ञांच्या बैठका आपल्याकडे बहुधा मोठ्या शहरांतच होतात, कारण शस्त्रक्रिया तिथे होतात. जिल्ह्याच्या गावी काम करणारे ऑडिओलॉजिस्ट, म्हणजे श्रवणतज्ज्ञ, त्या बैठकांना जातात, टिपणे घेतात आणि रात्रीच्या गाडीने परततात. मात्र शस्त्रक्रिया झालेली मुले पुण्यात किंवा हैदराबादेत राहत नाहीत. ती सोलापुरात, अक्कलकोटात, मोहोळात, बार्शीत राहतात आणि त्यांचे ऐकणे घडते किंवा बिघडते ते इथेच. म्हणून मागच्या हिवाळ्यात अशी एक एकदिवसीय बैठक सोलापुरात भरवायचे ठरले, तेव्हा तिच्या विषयपत्रिकेपासून नंतरच्या पाठपुराव्यापर्यंत मी तिच्यात मनापासून गुंतले. त्या सगळ्या प्रक्रियेविषयी, आणि त्यातही एका मुलीच्या निमित्ताने झालेल्या चर्चेविषयी, सविस्तर लिहावे असे तेव्हापासून मनात होते.

विषयपत्रिकेचा पहिला मसुदा हातात आला, तेव्हा सकाळपासून चहापर्यंतचा सगळा वेळ शस्त्रक्रियेला दिलेला होता. शंखिकेच्या, म्हणजे आतल्या कानातील ऐकण्याच्या अवयवाच्या, गोल खिडकीतून इलेक्ट्रोड सरकवण्याचे तंत्र, चेहऱ्याच्या मज्जातंतूला धक्का न लावता कानामागच्या मास्टॉइडच्या हाडातून वाट काढणे, जन्मतः अपुऱ्या घडलेल्या शंखिका, असे महत्त्वाचेच विषय होते. पुनर्वसनाला मात्र शेवटचा थोडा वेळ ठेवलेला होता, ज्या वेळी बाहेरगावच्या मंडळींचे लक्ष गाडीच्या वेळेकडे लागलेले असते. मी आयोजकांना सविस्तर पत्र लिहिले. शस्त्रक्रिया दोन-तीन तासांत संपते, तर प्रोसेसर, म्हणजे बाहेरून लावायचे आवाज टिपणारे यंत्र, त्या मुलाला आयुष्यभर वागवायचा असतो. शस्त्रक्रियेने मज्जातंतूपर्यंत वीज पोहोचते, पण त्या विजेचा अर्थ लावायला मेंदू शिकतो तो पुढच्या महिन्यांत आणि वर्षांत. आणि जन्मतः न ऐकणाऱ्या मुलाच्या मेंदूची ही शिकण्याची क्षमता पहिल्या तीन-साडेतीन वर्षांत सर्वांत जास्त असते. हे सगळे उपस्थितांना ठाऊकच असते, पण ठाऊक असणे निराळे आणि त्यासाठी दिवसाचा अर्धा वेळ राखून ठेवणे निराळे. थोड्या चर्चेनंतर दुपारचे पूर्ण सत्र मॅपिंग (प्रत्येक इलेक्ट्रोडचा आवाज त्या मुलाला योग्य होईल असा जुळवणे) आणि वाचा-भाषा उपचारांसाठी मिळाले, आणि प्रत्यक्ष मॅपिंग दाखवण्यासाठी शेजारची एक शांत खोलीही मिळाली.

तारीख ठरवताना सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेच्या आधीचाच रविवार धरावा लागला, कारण संक्रांतीच्या दिवसांत शहरात उतरायला जागा मिळणे कठीण होते. मुंबईची मंडळी सिद्धेश्वर एक्स्प्रेसने पहाटे उतरली, पुण्याची बहुतेक मोटारीने आली, विजयपूर आणि कलबुर्गीहून सीमेपलीकडचे काही थेरपिस्ट आले. कान-नाक-घसा शल्यविशारद, ऑडिओलॉजिस्ट, वाचा-भाषा उपचारतज्ज्ञ, कर्णबधिर मुलांच्या शाळांतील शिक्षिका आणि क्ष-किरणतज्ज्ञ एका सभागृहात बसले होते. यातल्या अनेकांनी एकमेकांची सहीच काय ती रिपोर्टांवर पाहिलेली होती. ज्या सर्जननी एखाद्या मुलावर शस्त्रक्रिया केली आणि ज्या शिक्षिका त्याला रोज वर्गात बसवतात, ते एकमेकांना कधीच भेटलेले नसतात, ही आपल्या व्यवस्थेतली मोठी उणीव आहे असे मला वाटते.

उद्घाटनाच्या भाषणात एका ज्येष्ठ सर्जननी या तंत्राचा इतिहास थोडक्यात सांगितला. पॅरिसमध्ये 1957 साली आंद्रे जुर्नो आणि शार्ल एरिएस यांनी एका पूर्ण बहिऱ्या रुग्णाच्या श्रवणतंतूला विजेने प्रथम चेतना दिली. 1961 साली लॉस एंजेलिसमध्ये विल्यम हाउस यांनी रुग्णांच्या शंखिकेत इलेक्ट्रोड बसवण्यास सुरुवात केली. आणि 1978 साली मेलबर्नमध्ये ग्रॅम क्लार्क यांनी रॉड सॉन्डर्स या गृहस्थांना अनेक इलेक्ट्रोड असलेले यंत्र बसवले. याच काळात व्हिएन्नात इंगेबोर्ग आणि एर्विन होखमायर हे दांपत्य स्वतंत्रपणे याच दिशेने काम करत होते. भाषणातील एक गोष्ट मी वहीत अधोरेखित केली. सॉन्डर्स यांच्या शस्त्रक्रियेनंतर बोललेले शब्द त्यांना ओळखता यावेत यासाठी बोलण्यातले कोणते घटक विजेच्या संकेतांत कसे बसवायचे यावर क्लार्क यांच्या चमूला पुढचे काही महिने काम करावे लागले होते. म्हणजे यंत्र आत बसल्यानंतरचे काम हे पहिल्या दिवसापासूनच या शास्त्राचा गाभा होते.

सकाळच्या सत्रात एमआरआय आणि सीटी स्कॅनच्या चित्रांवर चांगली चर्चा झाली. सीटीवर हाडाची घडण दिसते आणि एमआरआयवर श्रवणतंतू आहे की नाही, तो पुरेसा जाड आहे की नाही, हे कळते. दोन्ही का हवेत हे क्ष-किरणतज्ज्ञांनी चित्रे शेजारी शेजारी लावून दाखवले. त्यानंतर मेंदूज्वरामुळे ऐकू येणे बंद झालेल्या एका शाळकरी मुलाची केस मांडली गेली. जिवाणूजन्य मेंदूज्वरानंतर शंखिकेच्या पोकळीत हाड भरू लागते आणि ही क्रिया काही आठवड्यांतही सुरू होऊ शकते. त्यामुळे अशा रुग्णाला घरी सोडण्यापूर्वी त्याची श्रवणचाचणी झालीच पाहिजे, आणि ऐकणे गेलेले असेल तर इम्प्लांटचा निर्णय तातडीने घ्यावा लागतो. या मुलाच्या बाबतीत ताप उतरल्यावर ‘अशक्तपणा आहे, हळूहळू ऐकू येईल’ असे सांगून त्याला घरी पाठवण्यात आले होते. पुढे स्कॅन झाला, तेव्हा पोकळी बरीच बुजलेली होती. सभागृहात त्या चित्राकडे बघताना मला वाईट वाटत होते, आणि बालरोगतज्ज्ञांना या बैठकीला बोलवायला हवे होते हा विचार पुन्हा पुन्हा येत होता. सोलापूर जिल्ह्यात या एका सूचनेचा फलक प्रत्येक बालरुग्ण विभागात लागला, तरी काही मुलांचे ऐकणे वाचवता येईल.

कानाची पाळी आणि कानाचे भोक जन्मतः न घडलेल्या मुलांसाठी हाडातून ध्वनी पोहोचवणाऱ्या यंत्रांवरही एक व्याख्यान झाले. कवटीचे हाड पुरेसे जाड होईपर्यंत, म्हणजे साधारण पाच वर्षांचे वय होईपर्यंत, हे यंत्र डोक्याभोवतीच्या मऊ पट्ट्यावर लावता येते. आमच्या भागातील अनेक पालकांना हे कोणीच सांगितलेले नसते, आणि ‘मोठा झाला की ऑपरेशन करू’ या वाक्यावर त्यांची महत्त्वाची वर्षे निघून जातात. जवळच्या नात्यातील लग्ने आणि जन्मजात बहिरेपणा यांवर जनुकतज्ज्ञ बोलले. मामा-भाचीची आणि आते-मामेभावंडांची लग्ने आमच्या सीमाभागात अजूनही होतात. हा विषय मांडताना त्यांनी कोणत्याही समाजाला दोष दिला नाही. पहिल्या मुलाला बहिरेपणा असेल तर पुढच्या बाळाची चाचणी जन्मानंतर लगेच करून घ्या, हा व्यवहार्य सल्ला त्यांनी पुढे ठेवला. बाळ महिन्याचे होण्याआधी प्राथमिक चाचणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान आणि सहाव्या महिन्यापर्यंत उपचार सुरू, हे जगभर मान्य झालेले वेळापत्रक आहे. आमच्याकडे येणाऱ्या मुलांचे निदान आजही बरेचदा दुसऱ्या वाढदिवसाच्या आसपास होते.

दुपारच्या सत्रात मी मांडलेली केस सोलापूरच्या पूर्व भागातील एका तेलुगू बोलणाऱ्या विणकर कुटुंबातील मुलीची होती. तिचे नाव आणि चेहरा कुठेही येणार नाही याची काळजी घेऊन, कशासाठी आणि कोणापुढे मांडणार आहे हे वडिलांना मराठीत आणि आजीला शेजारच्या बाईंच्या मदतीने तेलुगूत नीट समजावून, त्यांची संमती घेतलेली होती. आजी मध्येच म्हणाल्या की एवढे मोठे डॉक्टर येणार असतील तर आम्हालाच बोलवा, आम्हीच सांगतो. हे मला पटले, आणि आयोजकांनीही ते मान्य केले.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाने अंगणवाडीतील तपासणीत या मुलीला हेरले होते. पुढे बेरा चाचणी (आवाजाला श्रवणतंतू आणि मेंदू देतात तो प्रतिसाद मोजणारी चाचणी) झाली, दोन्ही कानांत तीव्र बहिरेपणा निघाला, काही महिने श्रवणयंत्रे लावून पाहिली आणि मग सरकारी मदतीतून मोठ्या शहरात उजव्या कानात इम्प्लांट बसले. 2014 पासून केंद्र सरकारच्या, दिव्यांगांना साधने देणाऱ्या एडिप योजनेत कॉक्लिअर इम्प्लांटचा समावेश झाला आणि मुंबईच्या अली यावर जंग या श्रवण-वाचा संस्थेकडे त्याची सूत्रे आली. तेव्हापासून यंत्रमाग कामगारांच्या आणि विडी वळणाऱ्या बायकांच्या घरांतही हे यंत्र पोहोचू लागले. आमच्या व्यवसायातली ही फार मोठी गोष्ट आहे, आणि म्हणूनच ते घरात पोहोचल्यावर पुढे काय होते याची जबाबदारी आपल्यावर येते.

या मुलीच्या बाबतीत कागदोपत्री सगळे उत्तम होते. शस्त्रक्रिया निर्विघ्न झालेली, सर्व इलेक्ट्रोड चालू, त्यांचे इम्पिडन्स (विजेला होणारा अडथळा) योग्य मर्यादेत, टेलिमेट्रीत (यंत्राने आतून पाठवलेल्या मोजमापात) मज्जातंतूचा प्रतिसाद स्पष्ट, आणि बूथमध्ये (बाहेरचा आवाज न येणाऱ्या खोलीत) प्रोसेसर लावून घेतलेल्या चाचणीत सर्व स्वरांना 25 ते 30 डेसिबलवर प्रतिसाद. आ, ऊ, ई, श, स, म हे आपण रोजच्या तपासणीत वापरतो ते सहा ध्वनी ती पाठीमागून ओळखत असे. आणि तरीही यंत्र स्विच ऑन, म्हणजे प्रथम सुरू, होऊन दीड वर्ष उलटले, तरी तिच्या तोंडी मोजकेच शब्द होते. एवढे ‘श्रवणवय’ (यंत्राने ऐकू लागल्यापासूनचा काळ) झालेली इतर मुले दोन शब्द जोडून बोलू लागलेली असतात. वडील दर वेळी एकच वाक्य सांगत: “मॅडम, तुमच्या खोलीत ऐकते, घरात ऐकत नाही.”

मोठ्या शहरातील केंद्रावर त्यांच्या फाइलवर ‘पालकांचे सहकार्य अपुरे’ असा शेरा पडला होता. हा शेरा आपण फार सहज लिहितो. तो एकदा पडला की पुढे फाइल उघडणारा प्रत्येक जण कारण शोधणे थांबवतो.

म्हणून बैठकीच्या आधी मी त्यांच्या घरी गेले. दोन खोल्यांचे घर, आणि मागच्या खोलीची भिंत यंत्रमागाच्या शेडला लागून. त्या भिंतीत एक जुने लाकडी दार, कायम अर्धे उघडे, कारण घरातली माणसे दिवसभर त्यातूनच ये-जा करतात. आई शेडमध्ये कांड्या भरण्याच्या कामावर, वडील मागावर, आणि मुलगी दिवसभर आजीजवळ मागच्या खोलीत. आजी बोलक्या आहेत, मुलीशी सतत बोलतात, पण चूल एका कोपऱ्यात आणि मुलीची खेळणी दुसऱ्या कोपऱ्यात. ध्वनिमापक यंत्र मी बरोबर नेले होते. शेडमध्ये यंत्रमागांचा आवाज 90 डेसिबलच्या वर जातो हे आम्हा सोलापूरकरांना नवीन नाही. मागच्या खोलीत, दार उघडे असताना, काटा ऐंशीच्या आसपास होता. माणसाचे साधे बोलणे हातभर अंतरावर साधारण साठ ते पासष्ट डेसिबल असते. म्हणजे आजीचा शब्द मुलीपर्यंत पोहोचायच्या आधीच त्या खडखडाटात बुडत होता, आणि शिवाय मोठा सततचा आवाज आला की प्रोसेसर आपली संवेदनशीलता आपोआप खाली आणतो, त्यात उरलेसुरले बोलणेही जात होते. निरोगी कान आणि भाषा आधीच अवगत असलेला मेंदू अशा खोलीत अंदाजाने शब्द भरून काढतो. जिला शब्दच अजून शिकायचे आहेत, तिने कशावरून भरावेत? वर्गात मुलाला नीट शिकता यावे यासाठी शिक्षकाचा आवाज गोंगाटापेक्षा सुमारे 15 डेसिबलने मोठा असावा अशी शिफारस आहे. इथे हिशेब उलट दिशेने पंधराचा होता.

बैठकीत मी आधी बूथचा आलेख दाखवला, नंतर प्रोसेसरमधील नोंद पडद्यावर आणली. अलीकडचे प्रोसेसर रोज किती तास लावले गेले आणि त्या वेळी भोवती कसा आवाज होता, शांतता, बोलणे, गोंगाटातले बोलणे की निव्वळ गोंगाट, याची नोंद ठेवतात. या मुलीचा प्रोसेसर जागेपणीचा जवळजवळ सगळा वेळ अंगावर होता. घरच्यांनी सांगितलेले एकही काम टाळलेले नव्हते: बॅटऱ्या वेळेवर चार्ज, रात्री प्रोसेसर सिलिकाच्या डबीत कोरडा ठेवलेला, कॉइलची (डोक्याला चुंबकाने चिकटणाऱ्या चकतीची) वायर जपलेली. सोलापूरच्या उन्हाळ्यात घामाने प्रोसेसर बंद पडणे नेहमीचे आहे, पण इथे तेही झालेले नव्हते. आणि त्या सगळ्या तासांचा मोठा भाग ‘गोंगाट’ या रकान्यात जमा झालेला होता. शांततेतले बोलणे म्हणजे जेमतेम एक चिंचोळी पट्टी. सभागृहात थोडी कुजबुज झाली. फाइलवरील शेऱ्याविषयी मला वेगळे काही बोलावे लागले नाही.

यानंतरची चर्चा हा त्या दिवसाचा सर्वांत मोलाचा भाग होता. एका ज्येष्ठ ऑडिओलॉजिस्टनी दिशादर्शक मायक्रोफोन आणि गोंगाट कमी करणारी यंत्रणा असलेला वेगळा प्रोग्राम सुचवला. त्यावर पुण्याच्या थेरपिस्टनी योग्य हरकत घेतली: लहान मूल केवळ समोरून बोललेले ऐकून भाषा शिकत नाही, बाजूला चाललेले, त्याला उद्देशून नसलेले बोलणेही कानावर पडावे लागते, आणि समोरचेच उचलणारा मायक्रोफोन दिवसभर चालू ठेवला तर ते बंद होते. आवाजाची पातळी सरसकट वाढवावी का, या प्रश्नावर मात्र एकमताने नकार होता, कारण बोलण्याबरोबर मागही तेवढाच मोठा होईल. आजीच्या गळ्यात घालायचा छोटा मायक्रोफोन, ज्यातून आवाज थेट प्रोसेसरमध्ये जातो, हा उपाय सर्वांना पसंत पडला; पण तो योजनेत बसत नाही आणि त्याची किंमत या घराच्या आवाक्याबाहेर आहे. सर्जन मंडळींनी दुसऱ्या कानाच्या इम्प्लांटचा मुद्दा मांडला. दोन कानांनी गोंगाटात ऐकणे सुधारते हे खरेच, आणि तो मुद्दा मी नोंदवून ठेवला, पण ज्या खोलीत एका कानाला बोलणे पोहोचत नाही, तिथे आधी खोलीचा विचार व्हावा असे मला वाटले आणि मी तसे बोलले.

मग घरच्या भाषेचा प्रश्न निघाला. घरी तेलुगू, थेरपी मराठीत, शाळा मराठी, गल्लीत थोडी कन्नड आणि दखनी. एका तज्ज्ञांनी आग्रहाने मांडले की अशा मुलांसाठी एकच भाषा ठेवावी आणि ती शाळेची असावी. हा सल्ला मी अनेक वर्षे ऐकत आले आहे आणि तो मला मान्य नाही. सोलापुरात तो पाळला तर मुलीशी दिवसभर बोलणारे एकमेव माणूस, म्हणजे आजी, गप्प होते. ज्या आजीला मराठी अडखळत येते, तिला मराठीतच बोला असे सांगितले की ती दहा वाक्यांऐवजी दोन वाक्ये बोलते, आणि तीही तुटक. मुलाला सर्वांत जास्त, सर्वांत सहज आणि सर्वांत जवळून जी भाषा मिळते, ती त्याची पहिली भाषा असावी. दुसरी तिच्यावर उभी राहते. विजयपूरच्या थेरपिस्टनी कन्नड-मराठी घरांतील मुलांचा हाच अनुभव सांगितला. त्यांनी आणखी एक बारकावा दाखवला, जो मला फार उपयोगी पडला. तेलुगूतील बहुतेक शब्द स्वरात संपतात, पालु, नीळ्ळु, अन्नमु असे. तर मराठीत हात, कप, बस, पाय असे व्यंजनावर थांबणारे शब्द पुष्कळ. शेवटचा ‘स’, ‘त’, ‘प’ हे क्षीण ध्वनी असतात आणि गोंगाटात सर्वांत आधी तेच हरवतात. त्यामुळे या मुलीला सुरुवातीचे शब्द आजीच्या भाषेत पकडणे सोपे जाऊ शकते. आमच्याकडे शब्द ओळखण्याच्या चाचणीसाठी तेलुगूतील सोयीची, लहान मुलांना चित्रांवरून दाखवता येईल अशी यादी नव्हती, म्हणून ती मुलगी मराठी यादीत नापास होत होती, हेही तिथेच उघड झाले.

त्यानंतर शेजारच्या खोलीत मॅपिंगचे प्रात्यक्षिक झाले. गर्दी नको म्हणून मोजकीच माणसे आत घेतली. प्रोसेसर वायरने लॅपटॉपला जोडला, कॉइल तिच्या उजव्या कानामागे चुंबकाने चिकटली, आणि पडद्यावर 22 इलेक्ट्रोडचे 22 उभे पट्टे आले. या यंत्रात 22 क्रमांकाचा इलेक्ट्रोड शंखिकेच्या आतल्या टोकाशी असतो आणि तिथे खालचे, जाडे स्वर ऐकू येतात. एक क्रमांकाचा बाहेरच्या बाजूला, तिथे तार स्वर. मुलीच्या हातात लाकडी कड्या आणि समोर खुंटी. आवाज ऐकू आला की कडी खुंटीवर टाकायची, एवढाच खेळ. ती आधी कडी गालाशी धरते, डोळे बारीक करते, आणि अगदी पुसटसा स्वर आला तरी ठामपणे टाकते. एवढ्या काळजीने ऐकणाऱ्या मुलीच्या बुद्धीविषयी किंवा लक्षाविषयी शंका घेण्याचे कारण उरत नाही, असे त्या खोलीतील एका सर्जननी स्वतःहून म्हटले. बाहेरच्या टोकाकडील दोन इलेक्ट्रोडवर वरची पातळी येताच तिने मान मागे घेतली; तिथला आवाज तिला बोचत होता. त्या दोन पट्ट्यांची वरची मर्यादा थोडी खाली आणली, सगळे इलेक्ट्रोड एकापाठोपाठ वाजवून आवाजाचा समतोल पाहिला, आणि मग मायक्रोफोन सुरू केला. आजी तिच्या उजव्या बाजूला, हातभर अंतरावर बसल्या होत्या. त्यांना मी खुणेनेच बोला असे सांगितले. त्या नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, “इटु रा.” मुलगी लगेच वळून त्यांच्या मांडीवर जाऊन बसली. खोली शांत होती, एवढाच काय तो फरक.

त्या खोलीतच पुढची योजना ठरली, आणि तिच्यातल्या बहुतेक गोष्टींना पैसे लागत नव्हते. मोकळ्या जागेत बोलणाऱ्यापासूनचे अंतर निम्मे केले की आवाज सुमारे 6 डेसिबलने वाढतो. घराच्या खोलीत भिंतींमुळे हिशेब थोडा बदलतो, तरी आजी दोन मीटरवरून अर्ध्या मीटरवर आल्या तर दहाएक डेसिबलचा फायदा कोणतेही यंत्र न घेता मिळतो. म्हणून पहिली गोष्ट: बोलायचे ते उजव्या बाजूने आणि हातभर अंतरावरून. दुसरी गोष्ट त्या लाकडी दाराची. वडील चादरी टांगायच्या विचारात होते, पण कापडाने खोलीतला घुमारा थोडा कमी होतो, पलीकडून येणारा आवाज फारसा अडत नाही. आवाज फटींतून येतो, म्हणून दार बंद ठेवणे आणि त्याच्या कडांना रबराची पट्टी लावणे जास्त उपयोगाचे. तिसरी गोष्ट, मुलीचा दिवस मागच्या खोलीतून रस्त्याकडच्या पुढच्या खोलीत हलवणे आणि माग थांबतात त्या वेळी गोष्टी, गाणी, जेवणाच्या वेळचे बोलणे मुद्दाम जास्त करणे. गोंगाटासाठीचा वेगळा प्रोग्राम आम्ही दिला, पण तो शेडजवळ जातानाच वापरायचा असे ठरवून. थेरपीच्या वेळी आजी खोलीबाहेर न बसता आत, मुलीशेजारी बसतील आणि धडे त्यांच्याच भाषेत होतील. माझ्या मदतीला आमच्याकडील तेलुगू जाणणारी सहायिका असेल.

नंतर शेंगा चटणी आणि कडक भाकरी खाताना एका सर्जननी मला विचारले की अशी घरभेट प्रत्येक मुलासाठी शक्य आहे का. शक्य नाही, हे मी त्यांना स्पष्ट सांगितले. पण प्रोसेसरमधली नोंद प्रत्येक मॅपिंगच्या वेळी आपल्यासमोरच असते, ती उघडून पाहायला काही मिनिटे लागतात, आणि ती वाचून ‘दिवसभर मूल कुठे बसते, शेजारी काय चालते’ हे दोन प्रश्न विचारले तरी पुरेसे कळते. यंत्रमागाच्या जागी कुठे पिठाची गिरणी असेल, कुठे महामार्ग, कुठे दिवसभर चालू असलेला टीव्ही.

बैठकीनंतर काय झाले तेही सांगायला हवे. वडिलांनी आठवड्याच्या आत दाराला पट्ट्या लावल्या आणि शेडमध्ये जाण्यासाठी बाहेरून वळसा घालायची सवय सगळ्या घराला लावली. मागावर काम करणाऱ्या माणसाला हे सोपे नसते. पुढच्या मॅपिंगला नोंद पाहिली तेव्हा ‘गोंगाट’ रकाना नाहीसा झालेला नव्हता, पण शांततेतल्या बोलण्याची पट्टी स्पष्टपणे रुंद झालेली होती. त्यानंतरच्या महिन्यांत मुलीच्या तोंडी आधी आजीच्या भाषेतले शब्द आले, मग ‘अजून दे’, ‘बाबा ये’ अशा मराठी जोड्या येऊ लागल्या. ती अजून आपल्या वयाच्या मुलांच्या मागे आहे आणि काही काळ राहील. फाइलवरचा जुना शेरा खोडता येत नाही, म्हणून मी त्याच्याखाली ध्वनिमापनाची आणि नोंदींची माहिती तारखेसह जोडली आणि प्रत शस्त्रक्रिया केंद्राकडे पाठवली. तिथल्या ऑडिओलॉजिस्टनी उत्तरात आणखी काही मुलांच्या नोंदी तपासायला घेतल्याचे कळवले.

दुसऱ्या कानाचा निर्णय अजून बाकी आहे. विजयपूर आणि सोलापूरच्या आम्ही काही जणी मिळून तेलुगू आणि कन्नड शब्दांच्या चित्रयाद्या तयार करतो आहोत, आणि त्या त्याच भाषांत वाढलेल्या, ऐकू येणाऱ्या मुलांवर आधी पडताळून पाहायच्या आहेत. पुढच्या बैठकीचे पहिले सत्र घरातील आवाज आणि प्रोसेसरच्या नोंदी या विषयाला द्यावे, बालरोगतज्ज्ञांना आणि अंगणवाडी पर्यवेक्षिकांना आमंत्रण असावे, आणि पालकांना केस म्हणून न मांडता व्यासपीठावर बोलायला बसवावे, असे मी आयोजकांना लेखी कळवले आहे. तिसऱ्या मुद्द्यावर त्यांचे उत्तर अजून आलेले नाही. आजींनी मात्र येण्याचे आधीच कबूल केले आहे.